अठरा वर्षांच्या अलीकडे : एक प्रस्तावना

महसूल खात्याच्या दप्तरात एखादा खातेदार निवर्तला आणि त्याच्या वारसांत अल्पवयीन मूल असले, म्हणजे सातबाऱ्यावर त्या मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ हा शेरा घालून आईचे किंवा चुलत्याचे नाव पालनकर्ता म्हणून नोंदण्याची वहिवाट आहे. पुढे मूल अठरा वर्षांचे झाले की त्याने वयाचा दाखला जोडून अर्ज करावा, तलाठ्याने फेरफार धरावा, मंडल अधिकाऱ्याने तो मंजूर करावा आणि मग शेरा कमी व्हावा, असा हा क्रम आहे. (तलाठ्याचे सरकारी नामाभिधान अलीकडे ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, पण गावाच्या लेखी तो अजून तलाठी भाऊसाहेबच.) या क्रमातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अठरावा वाढदिवस उलटला एवढ्याने शेरा आपोआप पुसला जात नाही; कोणाला तरी कचेरीत जावे लागते, मागणी करावी लागते, पुरावा द्यावा लागतो, आणि हे कोणी न केल्यामुळे स्वतःची नातवंडे अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या गृहस्थाच्या नावापुढेही तो शेरा तसाच राहून गेलेला क्वचित दृष्टीस पडतो. कागदावरचे अल्पवय असे लांबते. कागदाबाहेरचे अल्पवय किती लांबते, आणि ते लांबवण्यात घराचा व शाळेचा वाटा किती, हा पुढील पाठांचा विषय आहे.

हे पाठ ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या दोन ग्रामीण तालुक्यांतील बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना रोजच्या व्यवहारातले निर्णय विचारपूर्वक व जबाबदारीने घेण्याची सवय लागावी, या हेतूने योजलेले आहेत. अल्पवयीनांच्या वतीने मोठ्यांनी कारभार हाकण्याचा इतिहास या मुलखाला फार जुना आहे. मुरबाडच्या पूर्वेस सह्याद्रीच्या माथ्यावर जो नाणेघाट आहे, तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा म्हणून प्रसिद्ध असलेला लेख कोरलेला आहे. त्यात यज्ञांची आणि गाई, हत्ती, गावे, कार्षापणे अशा दानांची आकड्यांनिशी जंत्री आहे, आणि पतीच्या पश्चात लहान राजपुत्रांच्या वतीने या राणीने राज्यकारभार सांभाळला असावा, असा निष्कर्ष विद्वानांनी त्यावरून काढला आहे. शहापूरच्या डोक्यावर उभ्या असलेल्या माहुली किल्ल्याची गोष्ट याहून करुण आहे. निजामशाहीची अखेरची धुगधुगी टिकवण्यासाठी शहाजीराजांनी ज्या बालकाला गादीवर बसवले, त्याच्यासह ते १६३६ साली याच किल्ल्यात मोगल व आदिलशाही फौजांच्या वेढ्यात सापडले. तह झाला, किल्ला गेला, आणि तो बालनिजामशहा मोगलांच्या स्वाधीन करण्यात आला. ज्याच्या नावाने फौजा लढल्या, मसलती झाल्या व करारमदार लिहिले गेले, त्या पोराला या सर्व प्रकरणात काय वाटत होते, याची नोंद ठेवण्याची गरज कोणत्याही बखरकाराला भासली नाही.

राज्ये गेली, कायदे आले. आपल्या कायद्याने बाल्य आणि प्रौढत्व यांच्यामध्ये अनेक पायऱ्या बांधून ठेवल्या आहेत. १८६०च्या दंडसंहितेपासून आजच्या भारतीय न्याय संहितेपर्यंत असे मानले गेले आहे की सात वर्षांखालील मुलाच्या हातून गुन्हा होऊच शकत नाही, आणि सात ते बारा या वयात तो झाला किंवा नाही हे त्या मुलाची समज कितपत पक्व झाली होती यावर ठरेल. चौदा वर्षांपर्यंत शिक्षण हा हक्क. सोळाव्या वर्षी पालकाच्या संमतीने बिनगियरच्या लहान दुचाकीचा परवाना. अठराव्या वर्षी मत देण्याचा, करार करण्याचा आणि मुलीच्या बाबतीत विवाहाचा अधिकार. मुलाच्या विवाहास एकवीस. या पायऱ्या उपयुक्त आहेत यात शंका नाही. परंतु एका पायरीवरून दुसरीवर पाऊल कसे टाकावे, हे कायदा सांगत नाही, आणि सांगावे अशी अपेक्षाही नाही. ते काम घराचे व शाळेचे. अठराव्या वर्षाच्या आदल्या रात्रीपर्यंत ज्याने काय नेसावे, काय खावे, कोणाशी बोलावे हे दुसऱ्याने ठरवले, त्याच्याकडून दुसऱ्या दिवशी सकाळी विवेकी नागरिकाची अपेक्षा करणे हे तर्काला धरून नाही, एवढे म्हणण्यास मानसशास्त्राच्या आधाराचीही गरज नसावी.

पण शहापूर-मुरबाडच्या मुलाला निर्णय घ्यावेच लागत नाहीत, असे मानणारा मनुष्य या भागात राहिलेला नसला पाहिजे. डोळखांब किंवा टोकावड्याच्या आसपासच्या पाड्यावरचे तेरा वर्षांचे मूल पावसाळ्यात शाळेला निघते, तेव्हा वाटेतला ओहळ उतरावा की मागे फिरावे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते; आई-बाप आवणीला गेले असता धाकट्या भावाचा ताप आरोग्य उपकेंद्रात नेण्याजोगा आहे की भगताकडे नेण्याजोगा, याचा विचार दहा वर्षांच्या बहिणीला करावा लागतो; एसटी चुकली तर पुढच्या गाडीची वाट पाहायची, की ओळखीच्या-अनोळखीच्या टेम्पोत बसायचे, हेही तिचे तिनेच पाहायचे. मुंबईला लागणाऱ्या पाण्याचा सुमारे निम्मा वाटा एकट्या भातसा धरणातून जातो, १८९२ सालापासून तानसाचे पाणीही तिकडेच चालले आहे, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. तेव्हा हंडा घेऊन रांगेत उभे राहावे की चाचणी परीक्षेला बसावे, हा प्रश्न सातवीतल्या मुलीपुढे येतो. शहरातल्या समवयस्कांपेक्षा या मुलांच्या वाट्याला येणारे निर्णय संख्येने अधिक आणि परिणामाने कितीतरी जड आहेत.

येथेच एक भेद काटेकोरपणे करणे मला अत्यावश्यक वाटते, आणि या पाठमालेच्या योजकांनी तो आरंभीच केला, याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. हंड्याची रांग आणि चाचणी परीक्षा यांतील निवड ही त्या मुलीची निवड नव्हे. तो नाइलाज आहे. वीटभट्टीचे उदाहरण घ्या. कातकरी कुटुंबे पावसाळ्यात, घरातले धान्य संपत आले म्हणजे, भट्टीमालकाकडून किंवा त्याच्या मुकादमाकडून बयाणा घेतात. दिवाळी उरकली की घरदार बंद करून, पोरांसकट, भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात. तेथे हजार विटांमागे ठरलेल्या दराने राबतात, आठवड्याला खर्ची घेतात, आणि पाऊस तोंडावर आला म्हणजे हिशेब होऊन परततात. हिशेबात बयाणा फिटला नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालचा आहे आणि त्यान्वये अशा कर्जाला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वच उरत नाही, ही गोष्ट भट्टीवरच्या चोपडीला अजून सर्वत्र कळलेली नाही. अल्पवयीनाने केलेला करार आपल्या न्यायालयांनी निरर्थक ठरवला आहे, बयाण्याच्या बोलीत मुलाचे नाव कोठेही नसते, आणि तरीही विटा थापण्यात, वाळत घातलेल्या विटा उलटण्यात व धाकटे भावंड सांभाळण्यात त्याचे श्रम धरलेलेच असतात. आता अशा मुलापुढे उभे राहून, ‘बाळ, तू शाळा सोडलीस हा तुझा बेजबाबदार निर्णय होता’, असे जर एखाद्या गुरुजींनी सांगितले, तर ते वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध आणि न्यायाच्या दृष्टीने सर्वथैव अशुद्ध होईल. जबाबदारीचे शिक्षण देणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हातून हाच अपराध घडतो: ज्याच्या हाती काही नव्हते, त्याच्या माथी ते दोष मारतात, आणि ज्यांच्या हाती सर्व काही होते, ते सभेत अध्यक्षस्थानी विराजमान असतात.

म्हणून या पाठांत प्रत्येक प्रसंगासोबत पहिला प्रश्न विचारलेला आहे तो असा, की यातले काय माझ्या हातात आहे? भट्टीवर जाणे मुलाच्या हातात नसेल; पण शाळेचा दाखला व शिक्षण हमीपत्र सोबत घेऊन जाणे, भट्टीजवळची शाळा कोणती हे निघण्यापूर्वी गुरुजींना विचारणे, बापाच्या वतीने रोजच्या विटांचा आकडा वहीत टिपून ठेवणे, या गोष्टी त्याच्या हातात असू शकतात. शेवटची गोष्ट तर फारच मोलाची आहे. अक्षर-ओळख नसलेल्या बापाच्या शेजारी बसून सातवीतल्या मुलाने हंगामभराचा रोजनामा लिहिला असेल, तर हिशेबाच्या दिवशी मुकादमाच्या चोपडीसमोर दुसरी चोपडी उभी राहते.

आता घर निर्णय कसा शिकवते, याकडे जरा सावकाश पाहू. कारण शाळेने ते कधी सावकाश पाहिलेले नाही. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर या रानात शेवळे उगवतात. शेवळाची भाजी रुचकर, पण ती निष्काळजीपणे केली तर घसा असा खवखवतो की खाणाऱ्याला दोन दिवस त्याची आठवण राहावी. म्हणून आतला पिवळा भाग काढून टाकावा लागतो, आणि काकडाची आंबट फळे तिच्यात घालावी लागतात. पुढे वारुळांवर अळंबी येते. तिच्यात खाण्याजोगी कोणती आणि विषारी कोणती, हे ओळखण्यात चूक झाली तर ती घशाच्या खवखवीवर भागत नाही. ठाकूर-कातकऱ्यांची मुले हे ज्ञान ऐकून मिळवीत नाहीत. ती आधी नुसती आजीच्या मागे हिंडतात. मग आजी म्हणते, ‘तू वेच, मी बघते’. मग त्यांनी वेचलेले ती एकदा निवडून पाहते, आणि टाकून दिले ते का टाकले, हे थोडक्यात सांगते. आणि एका वर्षी ती घरीच बसते. त्या वर्षी पोराने आणलेली अळंबी सगळे घर खाते. विश्वास दाखवण्याची याहून मोठी रीत मला ठाऊक नाही. ओहळाचेही तसेच: पाण्याचा रंग तांबूस झाला, वरून पालापाचोळा व काटक्या वाहून येऊ लागल्या, म्हणजे डोंगरावर पाऊस कोसळतो आहे आणि येथे ऊन असले तरी आता उतरायचे नाही, ही खूण मोठ्या माणसाबरोबर काठावर थांबून थांबून अंगी मुरलेली असते.

या घरगुती अध्यापनाचा कळस पाहायचा तर पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसे येथील खांबलिंगेश्वराच्या यात्रेत, मुरबाड तालुक्यातल्या त्या विख्यात गुरांच्या बाजारात जावे. बैल घ्यायला निघालेला शेतकरी सोबत पोराला नेतो, तो केवळ त्याला पाळण्यात बसवण्यासाठी नव्हे. तो एका जोडीपाशी थांबतो. बैलाचे ओठ वर करून दोन दाती आहे की चार दाती हे पाहतो. खूर पाहतो, खांदा पाहतो, चालवून पाहतो. धन्याने सांगितलेल्या गुणांपैकी निम्मे सोडून देतो. दलाल मध्ये पडतो, रुमालाखाली बोटे दाबली जातात, भाव चढतो-उतरतो. आणि एवढे होऊनही पुष्कळदा तो मान हलवून पुढे निघतो. मुलाच्या दृष्टीने त्या साऱ्या दिवसातला सर्वात महत्त्वाचा क्षण हाच. इतका वेळ घालवल्यावर, इतक्या माणसांदेखत, भिडेला बळी न पडता रिकाम्या हाताने उठता येते, ही गोष्ट त्याने प्रत्यक्ष पाहिलेली असते. पुढे घरी परतताना बाप सहज विचारतो, ‘तुला कोणता बरा वाटला?’, आणि पोर बेधडक सांगते. त्या प्रश्नाला अभ्यासक्रमात कोठेही गुण नाहीत.

याच्या शेजारी शाळा ठेवून पाहावी. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, १९४५ साली बोर्डीस आरंभलेले त्यांचे कार्य साऱ्या देशाने वाखाणले, आणि तो सर्व प्रदेश तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. परंतु त्यांचे मुख्य लक्ष शिशूंवर होते. शिशूंना ताराबाई लाभल्या. कुमारांना त्या तोलामोलाचे कोणी लाभले नाही. आज वर्गावर्गांत शालेय मंत्रिमंडळ असते, त्यात आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री असतात, आणि सहल कोठे जावयाची ते मुख्याध्यापक ठरवतात. निवासी आश्रमशाळेत पहाटेच्या घंटेपासून रात्रीच्या घंटेपर्यंत प्रत्येक घटकेचा मालक दुसराच कोणी असतो. मी शिस्तीच्या विरुद्ध नाही. चार-पाचशे मुले एका छपराखाली राहतात तेथे घंटा लागते. पण दिवसाच्या सोळा जागृत तासांत एकही तास, एकही खोली, एकही रुपया मुलाच्या विचारावर सोपवलेला नसेल, तर सुटीत घरी गेलेले मूल बेताल का वागते, असा प्रश्न शिक्षकांनी पालकांना विचारू नये.

रुपयाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळेतील विद्यार्थ्यांना साबण, तेल, लेखनसाहित्य इत्यादी वस्तू देण्याऐवजी त्यांची रक्कम बँक-खात्यात जमा करण्याची पद्धत सुरू केली. त्या पद्धतीच्या इष्टानिष्टतेविषयी वाद आहेत, आणि पाड्यापासून बँकेच्या शाखेपर्यंतचे अंतर ध्यानात घेता ते रास्तही आहेत. तथापि शिक्षणाच्या दृष्टीने ती चालून आलेली संधी होती, आणि ती बहुतेक ठिकाणी वाया गेली. बारा वर्षांच्या मुलाच्या नावे पैसे आले, ते किती आले हे त्याला कोणी सांगितले नाही, ते कशावर खर्च झाले हे त्याला कोणी विचारले नाही. पुढील पाठांतील एक संपूर्ण प्रकरण या जमाखर्चावर बेतलेले आहे, ते मला फार आवडले. मुरबाड तालुक्यातलेच धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ रोजी रोकडविरहित व्यवहाराचे गाव म्हणून राज्यभर गाजले होते. आज तसा गाजावाजा न होता प्रत्येक किराणा दुकानाच्या फळीवर तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटवलेला असतो, आणि बापाचा फोन घेऊन मिठापासून खतापर्यंतचे पैसे चुकते करतो तो आठवीतला मुलगा असतो. म्हणजे घरची तिजोरी त्याच्या अंगठ्याखाली आली आहे. फोनवरच्या खेळात दागिने व हत्यारे विकत घेण्याचा मोह, ‘तुमचा ओटीपी सांगा’ म्हणणारा मधाळ आवाज, हे प्रसंग त्याच्यापुढे येणारच; आणि ते येण्यापूर्वी, घरातल्या पैशावर माझा किती अधिकार आणि किती विश्वस्तपणा, या प्रश्नावर कोणीतरी त्याच्याशी गंभीरपणे बोललेले असले पाहिजे.

मित्रांच्या प्रभावाविषयी मोठी माणसे नेहमीच बोलतात, बहुधा कपाळाला आठ्या घालून. त्याविषयी एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तेरा ते सोळा वर्षांची मुले, तरुण आणि प्रौढ अशा तीन गटांना संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ दिला; सिग्नल केव्हा बदलेल हे अनिश्चित, जितके पुढे जावे तितके गुण अधिक आणि टक्कर झाली तर सर्व गेले. समवयस्क जवळ बसलेले असताना मुलांनी एकट्याने खेळतानापेक्षा पुष्कळच अधिक धोका पत्करला. प्रौढांवर त्या सोबतीचा तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे या वयात धोका कळत नाही असे नव्हे. चार मित्रांदेखत तो कळूनही मागे पडतो. माळशेजच्या धबधब्याखाली, कसाऱ्याच्या वळणांवर, भातसाच्या काठावर, हातात फोन धरलेला मित्र समोर उभा असता एखादा समजूतदार मुलगा निसरड्या दगडावर एक पाऊल अधिक का टाकतो, याचे उत्तर यात आहे. त्यावर उपाय म्हणून ‘मित्र वाईट’ असे सांगणे फुकट. मित्रमंडळीतच एकाने ‘बस कर’ म्हणण्याची जबाबदारी आळीपाळीने घ्यावी, ही पाठांतली सूचना अधिक व्यवहार्य आहे. दुचाकीच्या बाबतीत मात्र मुलाआधी बापाशीच बोलावे लागेल. २०१९च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात अशी तरतूद आली आहे की अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकाऊ परवानासुद्धा नाही. चौदा वर्षांच्या पोराला गाडीची किल्ली देऊन खर्डीच्या बाजारातून कोंबडी आणायला धाडणाऱ्या बापाने हे कलम एकदा मोठ्याने वाचावे.

मुलींच्या प्रकरणाविषयी थोडे परखड लिहिणे प्राप्त आहे. निर्णय घेणे म्हणजे जसे होकार देणे, तसेच नकार देणे. आणि नकार देण्याचे शिक्षण आपण मुलींना जाणूनबुजून देत नाही. लग्न ठरवताना पंधरा वर्षांच्या मुलीला विचारले जाते, नाही असे नाही. पण विचारणाराच्या स्वरात उत्तर आधीच भरलेले असते. २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा तिच्या बाजूने आहे. त्याने एक विलक्षण सोय करून ठेवली आहे: असा विवाह झालाच, तर अल्पवयात विवाहबद्ध झालेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत तो रद्द करून मागता येतो. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची नेमणूक आहे, मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, हे तिला माहीत असले पाहिजे. परंतु ज्या मुलीला आठवीपर्यंत वेणी कशी घालावी एवढेसुद्धा स्वतः ठरवू दिले नाही, ती एके दिवशी चार वडीलधाऱ्यांसमोर उभी राहून ग्रामसेवक भाऊसाहेबांना फोन लावील, ही अपेक्षा क्रूर आहे. लहान नकारांची तालीम आधी हवी, आणि ती घेणाऱ्या मुलीला ‘उद्धट’ म्हणणे आधी थांबायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली शाळांसाठी जीवनकौशल्यांची जी दहा कलमी यादी मांडली, तिच्यात निर्णय घेणे हे एक प्रमुख कौशल्य आहे, आणि तेव्हापासून ती यादी प्रशिक्षणवर्गांतून अव्याहत फिरते आहे. तिच्यात चूक काही नाही. पण ती वाचताना डोळ्यांसमोर येतो तो एकटा, सुटा माणूस, जो कागदावर फायदे-तोटे मांडून स्वतःपुरते ठरवतो. आमच्या पाड्यावर असे सुटे निर्णय थोडे. राबासाठी कोणाच्या झाडाचा टाहाळ तोडायचा, मोहाची फुले केव्हा वेचायला लागायचे, पाण्याची पाळी कोणाची, हे चारजण बसून ठरते. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेच्या हाती गौण वनोपजापासून जमिनीपर्यंतच्या बाबतींत मत देण्याचा, आणि काही बाबतींत ठरवण्याचाही अधिकार दिला आहे. त्या सभेच्या कडेला, ओट्याखाली, ही मुले बसलेली असतात; ठरावावर अंगठा देणाऱ्या आजोबांना ठराव वाचून दाखवतात तीच. तेव्हा दहांच्या मताला आपले मत कसे जोडावे, आपले हरले तरी ठरलेले कसे पाळावे, आणि ठरलेले अन्याय्य असेल तर पुढच्या सभेत ते पुन्हा कसे उभे करावे, हे या मुलांना शिकवले नाही, तर शिक्षण अर्धेच झाले. या पाठांतील मला जाणवलेली एकमेव मोठी उणीव हीच: सामूहिक निर्णयाला दोनच पाठ आले आहेत. दुसऱ्या आवृत्तीत ते वाढावेत.

पाठ्यपुस्तकांचा ओढा थोर निर्णयांकडे असतो, आणि या मुलखाला त्यांचीही वाण नाही. सिद्धगडच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दर वर्षी त्या दिवशी तेथे माणसे जमतात, मुलेही जातात. परंतु कोतवालांचे चरित्र मुलांना सांगताना विजेचे मनोरे पाडण्याचा भाग तेवढा रंगवला जातो. माथेरानच्या या वकिलाने त्यापूर्वी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी चालवली, शाळा काढल्या, वर्षानुवर्षे रोज काहीतरी बारीकसारीक ठरवले आणि निभावले, हा भाग कंटाळवाणा म्हणून वगळतात. मला तर तोच मुलांच्या उपयोगाचा वाटतो.

शिक्षक-पालकांसाठी एक उदाहरण मुरबाडमधूनच देतो. फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या, आणि त्यांची छायाचित्रे जगभर गेली. त्या छायाचित्रांत सहसा न दिसणारी गोष्ट अशी, की घरी त्यांची उजळणी घेणारी नातवंडे होती. आपल्याहून साठ वर्षांनी मोठ्या विद्यार्थिनीला रागावायचे की चुचकारायचे, आज किती अक्षरे द्यायची, चुकली तर हसायचे की नाही, हे त्या पोरांना ठरवावे लागले, आणि कोणत्याही पाठाशिवाय ती ठरवू लागली. कारण काम खरे होते आणि ते त्यांच्यावाचून अडत होते.

राहिली गोष्ट पाठ घेण्याच्या वेळेची. अनुक्रमणिकेतील क्रम छापखान्याच्या सोयीचा आहे, तो पाळू नये. ओहळाचा पाठ शाळा उघडताच, पहिल्या पंधरवड्यात घ्यावा. बयाण्याचा पाठ गणपतीपूर्वी उरकावा. मार्चमध्ये तो घेतला तर ज्यांच्यासाठी लिहिला ती बाके रिकामी असतील. फोनचा पाठ केव्हाही चालेल, पण तो घेताना शिक्षकाने स्वतःचा फोन कपाटात ठेवावा. जमाखर्चाचा पाठ म्हशाच्या यात्रेच्या आधीच्या आठवड्यात घ्यावा, प्रत्येक मुलाने यात्रेत खर्चायची रक्कम घरी विचारून वहीत लिहावी, आणि यात्रेनंतर खर्चाचा तपशील त्याच पानावर उतरवावा; वही तपासताना बेरीज चुकली असेल तेथे खूण करावी, आणि कोणी सगळे पैसे पिपाण्या व गोडीशेवेवर उडवले असतील तर त्या नोंदीपुढे काहीही लिहू नये.